जबानी कोणासमोर? : एका ठगाची कादंबरी आणि अविश्वसनीय निवेदक

१८३९ साली लंडनच्या रिचर्ड बेंटली या प्रकाशकाने 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' नावाची तीन खंडांची कादंबरी प्रसिद्ध केली. लेखक फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या नोकरीतला तिशीचा अधिकारी. भाषा इंग्रजी, वाचक विलायतेतले; पण कादंबरीची माती आपल्याकडची. वयाच्या सोळाव्या वर्षी, १८२४ मध्ये, टेलर निजामाच्या फौजेत दाखल झाला. पोलीस खात्यात असताना तुळजापुरात राहिला. हिंगोलीच्या छावणीत पकडून आणलेल्या ठगांच्या जबान्या त्याने दिवसेंदिवस लिहून घेतल्या. १८४१ पासून बारा वर्षे सुरपूर संस्थानचा कारभार पाहिला आणि १८५३ नंतर नळदुर्गला जिल्ह्याचा अधिकारी झाला. माझे गाव खजुरी, आळंद तालुक्याच्या टोकाला, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. हिंगोली, तुळजापूर, नळदुर्ग आणि सुरपूर ही चार ठिकाणे नकाशावर रेघांनी जोडली तर आमचा मुलूख त्या रेघांच्या पोटात येतो. म्हणून या कादंबरीकडे मी परक्या वाङ्मयातला एक नमुना म्हणून पाहू शकत नाही.

विद्यार्थ्यांना 'निवेदक' शिकवताना एक प्रश्न हमखास येतो. निवेदक खोटे बोलत असेल तर ते वाचकाला कळावे कसे? कादंबरीत त्याच्याशिवाय दुसरा साक्षीदारच नसतो. या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी टेलरच्या कादंबरीइतके सोयीचे पुस्तक मला दुसरे आढळलेले नाही. शिवाय ते उत्तर कादंबरीपाशी थांबत नाही, पुढे कायद्यात आणि माणसांच्या आयुष्यात शिरते.

आधी संज्ञेविषयी थोडे. 'अविश्वसनीय निवेदक' ही संकल्पना अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ च्या 'द रेटरिक ऑफ फिक्शन' या ग्रंथात रूढ केली. निवेदकाची मूल्ये आणि कृतीने सुचवलेली मूल्ये यांत अंतर पडते, तेव्हा तो निवेदक अविश्वसनीय, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. खोटे बोलणे हा त्याचा फक्त एक प्रकार झाला, आणि माझ्या मते सर्वांत कमी रोचक प्रकार. निवेदक घटना खरी सांगतो, पण तिचा अर्थ चुकीचा लावतो. किंवा अर्थ ठाऊक असूनही वजन भलत्याच जागी टाकतो. हरिभाऊंच्या 'पण लक्षात कोण घेतो' मधली यमू लहान आहे. तिला जे समजत नाही ते आपल्याला समजते, पण तिच्या शब्दावरचा आपला विश्वास ढळत नाही. खांडेकरांच्या 'ययाति'त ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू मांडतात, आणि देवयानीचे ऐकताना ययातीच्या बोलण्यातली सोयीस्कर गाळलेली जागा दिसू लागते. 'मृत्युंजय'मध्येही कर्णाभोवती अनेक निवेदक आहेत. पण तिथे ते एकमेकांना छेद देण्यापेक्षा कर्णाची उंची वाढवण्याच्या कामी अधिक येतात. मराठी ऐतिहासिक आणि पौराणिक कादंबरीला प्रथमपुरुषाचे वावडे नाही. प्रथमपुरुषावर संशय घेण्याची सवय मात्र तिने वाचकाला फारशी लावलेली नाही.

अमीर अली हा टेलरचा निवेदक. तो कैदेत आहे, माफीचा साक्षीदार झाला आहे, आणि एका साहेबासमोर बसून आपली जीवनकथा सांगतो आहे. आपल्या नावावर ७१९ खून आहेत हे तो लपवत नाही. उलट बारा वर्षे तुरुंगात गेली नसती तर आकडा हजारावर गेला असता, अशी हळहळ त्याला वाटते. म्हणजे 'खून कोणी केला' हे रहस्य पहिल्याच पानांत संपले. तरीही तीन खंड वाचक का वाचतो?

एक कारण उघड आहे. वाटसरूंचा तांडा दिसला, ठगांचा म्होरक्या गोड बोलून त्यात मिसळला, मुक्काम ठरला, खड्डा आधीच खणून ठेवला गेला. आता वाचकाला सारे ठाऊक आहे, आणि ज्याचा गळा आवळला जाणार आहे त्याला काहीच ठाऊक नाही. ही उत्कंठा टेलरला उत्तम साधली आहे. पण तीच तीच घटना किती वेळा उत्कंठा देईल? खरी ओढ दुसरीकडे आहे. हा माणूस बोलता बोलता काय सांगून जाईल, जे त्याला सांगायचे नव्हते?

अमीर अलीचे जन्मदाते ठगांनीच मारले. त्या टोळीतल्या इस्माईलने या लहान मुलाला वाचवले, पोटच्या पोरासारखे वाढवले आणि ठग केले. अमीर अली हे सगळे सांगतो. इस्माईलविषयी बोलताना त्याचा स्वर मायेचा असतो. आईचा गळा ज्या गणेशाने आवळला त्याचा मात्र तो द्वेष करतो. वाचक थबकतो तो इथे. एकाच टोळीतल्या एकाच रात्रीच्या कृत्यात एकाला बाप मानायचे आणि दुसऱ्याला वैरी, ही विभागणी करताना अमीर अलीला काही अडचण वाटत नाही. आपल्याला वाटते. त्या अडचणीतच कादंबरी घडते. मागे राहिलेली सख्खी बहीण आपल्याच हातून मारली गेली हे त्याला फार उशिरा कळते, तेव्हा तो कोसळतो. उरलेल्या ७१८ जणांनाही बहिणी असतील हा विचार त्याच्या मनाला शिवत नाही. लेखकही तो बोलून दाखवत नाही. इतके संयमाने लिहिणे टेलरला सगळ्याच पुस्तकांत जमलेले नाही.

अमीर अलीची भाषा बारकाईने पाहावी. कसब सांगताना तो 'मी' म्हणतो: मी ओळखले, मी भुलवले, मी रुमाल टाकला. जबाबदारीचा प्रश्न आला की कर्ता बदलतो. मग नशीब करते, शकुन करतात, देवी करवते. स्लीमनने नोंदवलेल्या ठगांच्या जबान्यांत तर तपोनीचा गूळ खाल्ला की माणूस दुसरे काही होऊच शकत नाही, असेही सांगितलेले आढळते. श्रेय घेताना प्रथमपुरुष आणि दोष येताना तृतीयपुरुष! अविश्वसनीय निवेदक ओळखायची याहून सोपी खूण मला ठाऊक नाही, आणि ती फक्त ठगांनाच लागू पडते असेही नाही.

देवीचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. टेलरचे ठग भवानीला मानतात. मराठी वाचकाला भवानी म्हटले की तुळजापूर आठवते, आणि टेलर स्वतः तुळजापुरात राहिलेला. पण ठगांच्या संदर्भात स्लीमन ज्या देवस्थानाकडे बोट दाखवतो ते मिर्झापूरजवळचे विंध्याचल. नवरात्रात आमच्या भागातून अनवाणी तुळजापूरला जाणाऱ्या बायाबापड्यांची भवानी आणि कादंबरीतली भवानी, नाव एक असले तरी वाचकाने त्यांची गल्लत करू नये. विलायती वाचकाला ही गल्लत कळण्याची सोयच नव्हती.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. अमीर अलीवर संशय घ्यायला टेलर आपल्याला शिकवतो. पण जबानीत नेहमी दोन माणसे असतात, सांगणारा आणि लिहून घेणारा. कादंबरीतला साहेब अधूनमधून आपले मत देतो, अमीर अलीच्या दिसण्या-वागण्याचे वर्णन करतो, त्याच्या भक्तिभावावर आश्चर्य करतो. त्याच्या शब्दावर संशय घ्यावा असे मात्र कुठेही सुचवलेले नाही. तो जणू कागदच. आपण, विशेषतः आपल्या मुलखातल्या वाचकाने, हा कागदही तपासला पाहिजे.

माफीचा साक्षीदार म्हणजे कोण? ज्याचा जीव बोलण्यावर टिकून आहे असा माणूस. जितकी नावे देईल, जितक्या जुन्या वाटा आणि पुरलेल्या जागा दाखवील, तितका तो उपयोगी. दुसऱ्या बाजूला विल्यम स्लीमन आणि त्याच्या खात्यालाही मोठ्या, देशभर पसरलेल्या, एका धर्मश्रद्धेने बांधलेल्या गुन्हेगारी पंथाची कथा सोयीची होती. तिच्यावर खात्याचे अस्तित्व अवलंबून होते. ठगांच्या कथित गुप्त भाषेवरचा स्लीमनचा 'रामसीयाना' हा ग्रंथ १८३६ चा. त्याच वर्षीच्या ३० व्या कायद्याने ठगांच्या टोळीत सामील असल्याचे सिद्ध झाले एवढ्यावर जन्मठेप देता येऊ लागली. विशिष्ट खून सिद्ध करण्याची गरज उरली नाही. सांगणाऱ्याला बोलायचे कारण होते आणि ऐकणाऱ्याला ऐकायचे. अशा जबानीत खरे काहीच नसते असे मी म्हणणार नाही. रस्त्यावर माणसे मारली जात होती, प्रेते सापडत होती. पण 'वाटमारी' आणि 'पंथ' यांत अंतर आहे, आणि ते किती, यावर आजही इतिहासकारांचे एकमत नाही. किम वॅग्नर यांचा २००७ चा ग्रंथ या वादात शिरायला चांगला आहे. ठगी ही निव्वळ इंग्रजांची कल्पना होती असेही ते म्हणत नाहीत आणि स्लीमनचे सगळे खरे होते असेही नाही.

टेलर स्वतः निवेदक म्हणून कसा आहे, हे पाहायचे तर त्याचे मरणोत्तर, १८७७ साली निघालेले आत्मचरित्र वाचावे. सुरपूरचा बाळराजा व्यंकटप्पा नायक त्याच्या देखरेखीखाली वाढला. तो आपल्याला 'अप्पा' म्हणे, असे टेलर सांगतो. १८५८ मध्ये या राजाने इंग्रजांविरुद्ध उठाव केला, पकडला गेला आणि शिक्षा भोगायला नेत असताना वाटेत पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याच्या पिस्तुलाची गोळी लागून मरण पावला. चुकून, की स्वतःहून? टेलर हळहळत सांगतो, त्याच्या मृत्यूचे भाकीत एका ज्योतिषाने आधीच केले होते तेही सांगतो. पण घटनेच्या जागी तो नव्हता. सुरपूरकरांच्या स्मरणात हा राजा स्वातंत्र्याचा वीर आहे, टेलरच्या पानांत भरकटलेले लेकरू. अमीर अलीने इस्माईलविषयी बोलावे तितक्याच मायेने टेलर राजाविषयी बोलतो. आणि नेमके तेव्हाच, राज्य कोणाचे आणि पालक कोणी नेमला, हा प्रश्न बाजूला राहतो.

जबानीचे हे प्रकरण कादंबरीपुरते राहिले असते तर मी ते वार्षिकासाठी लिहायला घेतले नसते. ठगांसाठी सुरू झालेली विचारसरणी, म्हणजे गुन्हा व्यक्तीचा नसून रक्ताचा आणि जातीचा, १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात पक्की झाली. आमच्या खजुरीहून दोन-अडीच तासांवर असलेल्या सोलापुरात तारेच्या कुंपणात वसवलेली सेटलमेंट होती, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी ते शिक्के पुसले गेले, कागदावर. पुढे लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लातूरकडच्या लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) आले. दोन्हींना साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. मला ही आत्मकथने अमीर अलीच्या जबानीशेजारी ठेवून शिकवावीशी वाटतात. 'उचल्या'चा निवेदकही चोरीविषयी सांगतो, घरच्यांविषयी सांगतो. फरक असा, की समोर साहेब नाही, बदल्यात माफी नाही. उलट सांगण्याने त्याचे नुकसानच व्हायचे. मग आपण त्याच्यावर अधिक विश्वास ठेवतो. का ठेवतो, हे वर्गात विचारून पाहावे. निवेदकाची विश्वासार्हता त्याच्या स्वभावात नसून त्याच्या परिस्थितीत असते, हे तिथे विद्यार्थ्यांना आपोआप दिसते.

ऐतिहासिक रहस्यकादंबरी लिहू पाहणाऱ्यांना म्हणूनच मी सांगतो, की शेवटच्या प्रकरणातल्या कलाटणीच्या मागे लागू नका. 'हा सगळा वेळ खोटे बोलत होता' असे अखेरीस जाहीर केले की वाचक एकदा दचकतो आणि पुस्तक मिटतो. आधी ठरवा, निवेदक कोणासमोर बोलतो आहे आणि बोलण्याच्या बदल्यात त्याला काय हवे आहे. मग खोटे त्याच्या तोंडून आपसूक येईल, पुष्कळदा त्याच्या नकळत.

साधनांची आपल्याकडे वाण नाही. मराठी दफ्तरातले कागदांचे प्रकारच पाहा: जबानी, तक्रीर, कैफियत, करीना, महजर. यांतला बहुतेक प्रत्येक कागद कोणीतरी कोणाकडून तरी काही मिळवण्यासाठी लिहिला किंवा लिहवला आहे. वतन, इनाम, माफी, नाहीतर निदान शेजाऱ्याची नाचक्की. बखरींवर किती विसंबावे हा प्रश्न राजवाड्यांनी १८९८ साली पानिपतविषयक पत्रांच्या पहिल्या खंडातच कठोरपणे उभा केला. इतिहासकाराला जी बखर अडचणीची, ती कादंबरीकाराला सोन्याची खाण. पानिपतानंतर आपण सदाशिवरावभाऊ आहोत असे सांगत उभा राहिलेला तोतया घ्या. १७७६ मध्ये त्याला पुण्यात देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी त्याच्यावर नाटक लिहिले. पण त्याच्याच तोंडून, 'मी भाऊ' या वाक्याने सुरू होणारी कादंबरी कशी असेल? त्याला पाहून 'हेच ते' म्हणणारे लोक होते. खोटे इतक्या वेळा उच्चारल्यावर त्याला स्वतःला तरी शेवटी काय वाटत असेल?

आमच्या मुलखाला याहून जवळचा आणि याहून कठीण विषय म्हणजे १९४८. १३ ते १७ सप्टेंबर पोलीस कारवाई, त्याआधीचा रझाकारांचा काळ आणि त्यानंतरचे आठवडे. पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोचलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. सीमाभागातल्या घराघरांत त्या दिवसांच्या कथा आहेत. बहुतेक कथा सप्टेंबरच्या अलीकडे तरी थांबतात, नाहीतर पलीकडून तरी सुरू होतात. सांगणारा कुठे थांबतो यावरून तो कोण ते कळते. यावर प्रथमपुरुषी कादंबरी लिहिणाराला कलाटणी शोधावी लागणार नाही. निवेदकाने कोणता महिना गाळला एवढे वाचकाला दिसले तरी पुरे.

हे दाखवायला आपली भाषा फार मदत करते. इंग्रजीत टेलरला जे मोठ्या कष्टाने करावे लागले ते मराठीत एका प्रत्ययाने होते. 'मी गळा आवळला.' 'माझ्या हातून गळा आवळला गेला.' 'गळा आवळला गेला.' 'ते काम झाले.' चार वाक्ये, एकच घटना, आणि प्रत्येक वाक्यागणिक मारणारा एकेक पाऊल मागे सरकलेला. अमीर अलीचे मराठीकरण करताना मी हीच उतरंड वापरीन: सुरुवातीच्या खुनांना पहिले वाक्य, बहिणीच्या प्रकरणाला शेवटचे.

दुसरे हत्यार 'म्हणे'. व्हिक्टोरिया राणीने म्हणे या कादंबरीची मुद्रिते छापखान्यातून येतील तशी मागवून वाचली. या वाक्यात मी जबाबदारी कशी झटकली पाहा. कानडीत याच कामाला 'अंते' आहे: 'बंदनंते', म्हणजे आला म्हणे. दखनीत 'कते': 'आया कते'. खजुरीसारख्या गावातले पोर तीन भाषांत ऐकीव आणि पाहिलेले वेगळे करायला शिकते, शाळेत जायच्या आधी. ही आपली श्रीमंती आहे आणि आपल्या लेखकांनी ती अजून पुरती वापरलेली नाही. ऐतिहासिक कादंबरीत 'म्हणे' आले की भाषा ग्राम्य होते अशी समजूत दिसते. मला ती अजिबात पटत नाही.

यंदा वर्गात एक स्वाध्याय दिला होता. १९४८ मधल्या एका खेड्यातला धान्याच्या दुकानावरचा कारकून, वर्षभराने तहसीलदारासमोर जबानी देतो आहे. एका पानात लिहा. एका मुलाच्या पानात पहिल्या परिच्छेदांत सात वेळा 'म्हणे' होते: लोक म्हणे पळाले, दुकान म्हणे फोडले, धान्य म्हणे कोणी नेले. शेवटच्या परिच्छेदात कारकून गावाबाहेरच्या विहिरीपाशी काय घडले ते सांगतो: किती माणसे होती, कोणाच्या अंगात कोणता सदरा होता, दोर कोणत्या बाजूला बांधला होता. वाचून झाल्यावर वर्ग गप्प होता. मग मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "सर, विहिरीचं सांगताना ह्याचं 'म्हणे' कुठं गेलं?"